शून्य ओळींची खोली

साहेब, त्या दोन ओळी तुम्ही काढायला लावल्यात.

खोटं असेल तर समोर येऊन सांगा. आज दुपारी साडेतीनला आमच्या आईला नऊ नंबरच्या खोलीत हलवणार आहेत. त्याच्या आत सांगा.

बाकीच्यांनी ऐका. यातलं अक्षरही रचलेलं नाही.

इस्पितळाचा तळमजला, जिन्यालगतची संगणकखोली. तिथे आमची ताई काम करते. तिने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दर पाच मिनिटांनी प्रत्येक खोलीतल्या यंत्रांचे आकडे एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, ओढते, दर खाटेला एक ओळ, आणि एकच प्रश्न विचारते. कुणाचा प्राणवायू नव्वदच्या खाली आहे का?

कुणी नसेल, तर दारावर हिरवा दिवा.

पण पेशंटला लावलेली तार निसटली आणि टेबल रिकामंच आलं तर?

रिकाम्या टेबलात नव्वदच्या खाली कुणीच नसतं. स्क्रिप्ट खुशाल हिरवा दिवा लावते.

म्हणून ताईने स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच दोन ओळी घातल्या होत्या. टेबलात ओळी शून्य असतील तर थांब. घंटा वाजव.

खोलीत पेशंट नसला तरी घंटा वाजायची. साहेब वैतागले.

"बाई, डोकं उठवलंय तुमच्या घंटेने. काढा ती."

"साहेब, रिकामं म्हणजे बरं नव्हे."

"तुम्ही आकडे बघा. माणसं आम्ही बघतो."

ताईने काढल्या. मान खाली घालून काढल्या. ते ती आजही स्वतःला माफ करत नाही.

आठवड्याभरात नऊ नंबरमधल्या शिंपीकाकांची तार निसटली. मंगळवार होता. दुपारचे चार.

वीस मिनिटं काका आत तडफडत होते. बाहेर बाकावर काकू हिरव्या दिव्याकडे बघत निवांत बसल्या होत्या.

काका गेले. मग खोलीला कुलूप लागलं. खाटा, यंत्रं, सगळं हलवलं.

पुढच्या मंगळवारी, चारच्या ठोक्याला... नऊ नंबरच्या दोन ओळी पडद्यावर आल्या.

एक कोरी. दुसरी, खाट क्रमांक शून्य.

ताईला हसूच आलं. नवशिक्याची चूक! 'एकपासून ओळींच्या संख्येपर्यंत मोज' म्हटलं आणि ओळी शून्य निघाल्या, की ते येडं उलटं मोजतं. आधी एक, मग शून्य.

मग तिची नजर पुढे गेली.

खाट शून्य... प्राणवायू ९१.

हा आकडा कुठून आला?

तिने मोजणी सुधारली. आता शून्य ओळी म्हणजे शून्य फेऱ्या. पुन्हा चालवली.

कोरी ओळ गेली.

खाट शून्य... ८४.

टेबल उघडलं. ओळी, शून्य.

पुन्हा चालवली... ७७.

ताई जिने चढत धावली. दाराला कान लावला.

आत कुणीतरी श्वास ओढत होतं.

"सिस्टर, उघडा! आत माणूस आहे!"

"अगं, वेड लागलं का? आत साधी खाट नाही."

"उघडा हो, पाया पडते!"

दार उघडलं. लख्ख ऊन. कोरी फरशी. भिंतीवरून एक तार लोंबत होती...

हलत होती.

बरोबर चार वीसला ओळ नाहीशी झाली. दारावर हिरवा दिवा लागला.

तेव्हापासून दर मंगळवारी हेच. ताईने त्या दोन ओळी परत घालायची परवानगी मागितली. साहेबांनी तिचा पासवर्डच बदलला. "जरा रजा घ्या," म्हणाले.

खोली आज उघडतेय. दुसरीकडे जागा नाही. हातापाया पडून झालं.

पासवर्ड बदलण्याआधी, गेल्या मंगळवारी चारला ताई आपल्या पडद्यापुढेच बसली होती. सुधारलेली मोजणी. टेबल रिकामं.

तरीही दोन ओळी आल्या.

खाट शून्य.

आणि खाट एक... प्राणवायू ९१. तेव्हा त्या खोलीत खाट नव्हती. आज आहे. एकच. आईची.

आज मंगळवार आहे, साहेब. दोनच ओळी आहेत. चारच्या आत परत घालणार की नाही?

हो की नाही?