एकोणतीस ऑक्टोबरचा गट

माझ्या टेबलावर कोणीतरी बायकांचे काळे बूट ठेवले आणि विचारलं, "यांच्यानं व्हिएन्ना होईल का हो?"

मी मान वर केली. समोर एक उंच माणूस, कानामागे पेन्सिल, कोटाच्या कॉलरवर वाऱ्यानं चिकटवलेलं पिवळं पान. शेजारचा चांभार दुकान बंद करून जेवायला गेला होता, म्हणून हा बूट आमच्या सहलीच्या ऑफिसात ठेवायला आला होता. तेवढ्यात त्याला भिंतीवरची जाहिरात दिसली... बुडापेस्ट, व्हिएन्ना, लिंत्स, पाच दिवस.

"टाचा बदलल्या तर होईल," मी म्हणाले. "नाहीतर बुडापेस्टलाच बसून राहावं लागेल. कोणाचे आहेत?"

"आईचे. तिला डॅन्यूब बघायचीय."

"डॅन्यूब? ती तर बेलग्रेडला आहे. इथून दोन तासांवर."

"ती बघून झाली. आता तिला वरच्या अंगाची बघायचीय. म्हणते, आपल्यापर्यंत पोचायच्या आधी हे पाणी काय काय बघून येतं, ते मला कळायला हवं."

मला ती बाई न बघताच आवडली. मुळात मला चौकशा करायची भारी खोड. दोब्रिलाबाई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, म्हणतात, विश्न्याला तिकीट द्यायला बसवावं तर ही गिऱ्हाइकाच्या आजोळापर्यंत जाऊन पोचते. त्या दिवशीही मी पोचले. त्याचं नाव वुकाशिन. भूमापन खात्यात नोकरी. वालयेवोच्या आसपासचा प्रत्येक बांध त्यानं मोजलेला. ब्रेझ्ये गावात आई-वडिलांबरोबर राहतो. तिघांपैकी कोणीही अजून देशाबाहेर गेलेलं नाही. आणि लग्न? ते मी विचारलं नाही. अंगठी नव्हती एवढं मात्र बघून घेतलं.

"दोन गट आहेत," मी सांगितलं. "पहिला एकोणतीस ऑक्टोबरला निघतो, त्याच्याबरोबर मी जाते. दुसरा बारा नोव्हेंबरला, तो दोब्रिलाबाई नेतात."

"एकोणतीस," तो लगेच म्हणाला.

"मध्ये तुमची स्लावा येत नाही ना?"

हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. घराण्याच्या संताचा दिवस वर्षातून एकदा येतो, आणि त्या दिवशी घरात लावलेली मेणबत्ती सोडून कोणी व्हिएन्नालाच काय, नाक्यावरही जात नाही.

"नाही, नाही," तो म्हणाला. माझ्याकडेच बघत होता. "अजिबात नाही."

मी तीन नावं लिहून घेतली.

त्यानंतर तो दर दोन दिवसांनी यायला लागला. असल्या सहलीचे प्रश्न असणारच, पण याचे प्रश्न...

"बुडापेस्टला बस थांबते तिथून साखळीपुलापर्यंत किती पावलं?"

"पावलं? तीनशे असतील."

"तुमची की आईची? तिचा गुडघा दुखतो. तिची पावलं लहान."

मग मीच बुडापेस्टच्या हॉटेलवाल्याला फोन करून नदीकाठी बाक कुठे कुठे आहेत ते विचारलं. वुकाशिननं नकाशा पसरला, मी बाकांवर फुल्या मारत गेले. कागद छोटा, डोकी दोन. त्याच्या कोटाला ओल्या गवताचा वास येत होता.

"आणि बाबांचा एकच प्रश्न आहे," तो हळूच म्हणाला. "ऑस्ट्रियातल्या गायी बसमधून दिसतात का?"

"डाव्या खिडकीतून. मी त्यांना डावीकडे बसवते."

"आणि मी कुठे बसू?"

"तुम्ही... जिथे जागा असेल तिथे."

"गाइडची जागा कुठे असते?"

"पुढे."

"मग मी पुढून दुसरा," असं म्हणून त्यानं पेन्सिलीनं आपल्या जागेवर खूण केली, आणि मी उगीचच स्टेपलर शोधायला लागले. सगळं आयुष्य मोजमापात घालवलेला माणूस, पण निघताना दार बाहेर ढकलायचं की आत ओढायचं, हे त्याला चौथ्या खेपेलाही आठवलं नाही. मला मात्र तो येणार त्या दिवशी सकाळपासून काही सुचत नसे. आवडला होता मला. अगदी साफ आवडला होता.

निघायला बारा दिवस राहिले असताना दार उघडलं आणि एक ठेंगणी बाई पिशवीभर अक्रोड घेऊन आत आली. पायात नव्या टाचांचे काळे बूट.

"तू विश्न्या का गं? मी स्ताना. वुकाशिनची आई."

"या, या, मावशी! बसा. बाकांची यादी तयार आहे बघा—"

"बाकांचं राहू दे. एकतीस ऑक्टोबरला आपण कुठे आहोत?"

"व्हिएन्नाला. संध्याकाळी नावेतून फेरी."

"एकतीसला सेंट लुका असतो. आमची स्लावा."

तिनं दिलेला अक्रोड माझ्या हातातून सुटून टेबलावर घरंगळत गेला.

"पण मी विचारलं होतं! शप्पथ! ते म्हणाले, मध्ये येत नाही."

"चौतीस वर्षांचा घोडा! चौतीस स्लावांना घरात हजर होता. शेजाऱ्याचा बांध चार बोटं सरकला तरी याला दिसतं आणि घरचा सण दिसला नाही. बाप दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीये." मग तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं. "म्हटलं, कशामुळे विसरला, ते तरी बघून येऊ."

माझे कान तापले. मी घाईघाईनं यादी उघडली. "दुसऱ्या गटात तीन जागा आहेत, मावशी. तीच शहरं, तेच बाक. बारा नोव्हेंबर. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त त्या गटाबरोबर मी नसते."

बोलून गेले आणि जीभ चावली. गिऱ्हाइकाला याच्याशी काय देणंघेणं? पण स्तानामावशी हसली नाही. तिनं टेबलावरचा अक्रोड उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"दुसऱ्या गटात घाल आम्हाला," ती म्हणाली. दारापाशी जाऊन थांबली. "स्लावेला आम्ही कोणाला बोलावत नाही, माहितीये ना? बोलावणं द्यायची रीतच नाही. दार उघडं असतं. ज्याला यायचं, तो येतो."

ती गेली आणि मी दोब्रिलाबाईंकडे गेले. "बाई, मला पहिला गट नको. आपण अदलाबदल करू."

"सात वर्षांत कधी बदली मागितली नाहीस." त्यांनी चष्मा खाली ओढला. "तो पेन्सिलवाला का?"

"त्याच्या आईचा गुडघा दुखतो, बाई."

"हो हो. गुडघाच दुखतोय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी यादीवर सही केली.

म्हणजे एकतीस ऑक्टोबरला मी वालयेवोतच असणार होते. वुकाशिन मात्र फिरकला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा... लाजला असेल? की खरंच नुसता विसरला होता, आणि बाकीचं सगळं माझ्याच मनानं रचलं होतं? हाच प्रश्न मला खात होता. न बोलावता परक्याच्या घरी जाता येतं, ते ठीक. पण एकट्या, बिनलग्नाच्या मुलीनं तरण्या मुलाच्या स्लावेला जायचं म्हणजे तो मला आवडतो असं सगळ्या ब्रेझ्येसमोर ओरडून सांगण्यासारखंच! तो नुसता विसरला असेल, तर त्या गावात मला पुन्हा तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. त्याला फोन करून विचारता आलं असतं. पण फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही, आणि मला चेहरा बघायचा होता.

एकतीसला दुपारी वाइनची बाटली आणि कॉफीचा पुडा घेऊन मी बसमध्ये बसले. दोनदा उतरावंसं वाटलं.

घर ओळखायला कठीण गेलं नाही. दार सताड उघडं होतं. आत माणसंच माणसं, कोबीत गुंडाळलेल्या खिम्याचा वास, मधोमध उंच मेणबत्ती. वुकाशिनचे वडील राडोयेकाका दाराशीच उभे होते. स्लावेच्या दिवशी घरचे पुरुष बसत नाहीत. दिवसभर उभं राहून पाहुण्यांचं करतात.

"स्लावेच्या शुभेच्छा, यजमान," मी म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे गोड गव्हाची वाटी धरली. मी क्रूसाची खूण केली आणि चमचाभर गहू खाल्ला. मग त्यांनी दाखवलेल्या खुर्चीवर बसले.

"तू कोणाची गं?" टेबलाच्या टोकाकडून एका म्हाताऱ्या आत्यानं विचारलं. वीस माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"मी... सहलीच्या ऑफिसातली."

"मग काय, तिकिटं द्यायला आलीस?"

सगळे हसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वुकाशिन आला, हातात कोबीच्या गुंडाळ्यांचं मोठं ताट. मला बघितलं आणि जागच्या जागी थिजला. ताट कलंडायला लागलं.

"तिकिटं नाही," मी म्हणाले. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "एक विचारायला आले. मी स्लावेचं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. खरंच विसरला होतात?"

त्यानं ताट दोन्ही हातांनी सावरलं.

"तू म्हणालीस, पहिल्या गटाबरोबर मी जाते..." तो म्हणाला. सगळ्यांदेखत मला 'तू' म्हणाला! "त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही. एकतीस तारीख, लुका, बाबा... काहीच नाही. कळलं तेव्हा लाजेनं तोंड दाखवता येईना. आणि तुला ये म्हणावं तर स्लावेला बोलावता येत नाही. सकाळपासून दाराकडे बघतोय मी, विश्न्या. चार पेले फोडले."

"पाच," स्वयंपाकघरातून स्तानामावशी म्हणाली.

मला हसूही आलं आणि रडूही. "मी बदली घेतली," मी म्हणाले. "बारा नोव्हेंबरला मीच येणार आहे. तू पुढून दुसरा. जागा ठेवलीये."

राडोयेकाका पुढे आले. मुलाशी किती दिवसांत धड बोलले नव्हते म्हणे. त्यांनी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, माझ्या शेजारची खुर्ची पायानं ओढली आणि म्हणाले, "बस."

"बाबा, आज मी कसा बसू?"

"एवढा सण विसरलास, तर आता हेही विसर. बस म्हणतो ना. मी आहे उभा."

आत्या काहीतरी पुटपुटली. वुकाशिन बसला. टेबलाखाली त्यानं माझा हात धरला, आणि आत्यानं वाकून, अगदी व्यवस्थित बघून घेतलं.