सड्यावरचे झटके

सकाळी सव्वासातला आडिवऱ्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी माळावर, रुग्णांची व्हॅन साठच्या वेगाने चालली होती. रस्ता सरळ, मोकळा. अचानक ती मरगळली आणि लगेच पुढे उसळली. मागच्या एसटीने करकचून ब्रेक मारला. व्हॅनमध्ये यमुनाबाईंचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. चार टाके पडले.

दुपारी रत्नागिरीच्या डायलिसिस केंद्राच्या आवारात व्यवस्थापक राजाभाऊंनी ड्रायव्हर गोदाला सगळ्यांसमोर उभं केलं.

“तीन आठवडे सांगतोय, पाय स्थिर ठेव! आज बाई मेली असती.”

“माझा पाय हलत नाही. गाडीच झटके खाते.”

“गाडीत काही नाही,” मेकॅनिक अजिंक्य फटकन बोलला. “प्लग नवे, फिल्टर नवा. तीनदा भाट्यापर्यंत चालवून आणली.”

“आणि तू सुट्टीवर होतीस,” राजाभाऊ गोदाला म्हणाले, “तेव्हा दर्शनने दोन फेऱ्या मारल्या. एक झटका नाही!”

दर्शन हा गाडीवरचा मदतनीस. तो भिंतीला टेकून हसला.

“धक्का नव्हता, खरं,” बाकावरून यमुनाबाई म्हणाल्या. “पण दोन्ही दिवस पेट्रोलच्या वासाने मला ओकारी येत होती.”

“उद्या तुझ्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडेल,” राजाभाऊ गोदाला म्हणाले.

“पत्र थांबवा.” आवाज हरिश्चंद्रांचा होता. नाटे गावचे हरिश्चंद्र तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत होते. आता तेही आठवड्यातून तीनदा मशीनवर यायचे, ह्याच व्हॅनने. “गोदा, झटके कधी सुरू होतात?”

“निघाल्यावर अर्ध्या तासाने. एका वेगात असले की जास्त.”

“आणि थांबतात कधी?”

“पंपावर पेट्रोल भरलं की बरी होते. मग पुन्हा तेच.”

“सुट्टीनंतर गाडी हातात घेतलीस, तेव्हा टाकीचं झाकण कसं होतं?”

“घट्ट. मी रोज सकाळी बघते.”

“झाकणाचा इथे काय संबंध?” राजाभाऊ वैतागले.

“उद्या माझी मशीनची पाळी नाही. तुम्ही, अजिंक्य आणि दर्शन गाडीत बसा, मग सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सगळे गाडीत बसले. पावस मागे पडलं. सड्यावर गोदाने पन्नासचा वेग धरला. पाच मिनिटांत काटा चाळिसावर आला, इंजिन गुदमरलं, मग गाडी हिसका देऊन पुढे गेली. पुन्हा तेच.

“राजाभाऊ, तिच्या पायाकडे बघा.”

राजाभाऊ पुढे वाकले. पाय जागचा हलला नव्हता.

गाडी थांबवून हरिश्चंद्रांनी टाकीचं झाकण फिरवलं. स्सस्स! हवा आत ओढली गेल्याचा लांबलचक आवाज आला. झाकण लावून गोदाने गाडी पुन्हा पन्नासवर नेली. आता ती सुरळीत चालली. दोन किलोमीटरवर हरिश्चंद्रांनी तिला पुन्हा थांबायला सांगितलं.

“पेट्रोल जितकं जळतं, तितकी हवा टाकीत जायला हवी. नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. ह्या जुन्या गाडीत हवेला एकच नळी आहे. अजिंक्य, बघ मागच्या चाकाच्या वर.”

अजिंक्य गाडीखाली आडवा झाला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. नळीच्या तोंडात एम-सील कोंबलेलं होतं, घट्ट वाळलेलं. त्यावर अंगठ्याचा ठसा होता.

“भाट्यापर्यंतच्या दहा मिनिटांच्या फेरीत हे कळणारच नाही,” हरिश्चंद्र म्हणाले. “तू चुकलास, पण हे कृत्य तुझं नव्हे.”

“मग कोणाचं?” राजाभाऊ.

“नळी बुजलेली असताना झटके कोणाच्याही हातात बसणार. मग दर्शनच्या हातात का बसले नाहीत?”

दर्शनचं हसू गेलं.

“कारण त्याने झाकण सैल ठेवलं होतं. हवा आत गेली, वास बाहेर आला. म्हणून यमुनाबाईंना ओकारी.”

“चुकून सैल राहिलं असेल!” दर्शन ओरडला.

“दोन्ही दिवस? आणि गोदाच्या हाती देताना ते घट्ट होतं. चूक आपणहून घट्ट होत नाही. नळी बुजली आहे हे तुला ठाऊक होतं, कारण ती तूच बुजवलीस. की तो अंगठा पोलिसांना दाखवू?”

दर्शन दात खाऊन गोदाकडे वळला. “दहा वर्षं ह्या गाडीवर मी झिजलो! ड्रायव्हरची जागा निघाली, तर हिला दिली. बाईमाणसाच्या हाताखाली राहू मी? मला फक्त तिला घालवायचं होतं. कोणाला लागावं असं नव्हतं मनात.”

राजाभाऊंनी घसा साफ केला. “गोदा, माझं चुकलं...”

“ते नंतर,” ती तोडून म्हणाली. “पोलिसांना फोन करा. पण त्याआधी हा यमुनाबाईंना सांगेल. त्यांचं घर पुढच्याच वाडीत आहे.”

“मी नाही येणार.”

अजिंक्यने त्याचं बखोट धरलं आणि गाडीत ढकललं.

यमुनाबाई पडवीत बसल्या होत्या, कपाळाला पट्टी. दर्शनने मान खाली घालून, तुटक तुटक सगळं सांगितलं.

“मशीनवरून आले की मला शुद्ध नसायची,” त्या म्हणाल्या. “तू शेजारी असायचास, म्हणून मी डोळे मिटून झोपायचे रे.”

आणि उठून त्या आत गेल्या.