हिल्मी कॅप्टनची गाडी

हमूदा, टॉर्च बंद कर, कबुतरं उठतात. आणि ज्याला मुतायला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं. नंतर गच्चीवरून एकट्यानं जिना उतरायची कुणाची छाती होणार नाही. मी सोबत येणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

तर हे वग्दीचं. वग्दी म्हणजे माझ्या मावशीचा पोरगा, बंदरावर क्रेन चालवतो तो. त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि शेवटचं तर आमच्याच बिल्डिंगीत झालं. खोटं असेल तर माझी जीभ झडो.

वग्दीला गाडी घ्यायची होती, मोटरसायकल. डिलिव्हरीवाल्यांची फटफटी नाही हां. लांब पल्ल्याची. इथं सुएझला बसलं की समुद्राच्या कडेनं थेट खाली रास घारिब गावापर्यंत, मध्ये ढुंगण सुद्धा हलवायचं नाही, अशी. नवी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून जुनी. दर शुक्रवारी नमाजानंतर आम्ही दोघं बाजारात. एक गाडी अशी चकचकीत की तिच्यात तोंड दिसावं. वग्दी म्हणाला, "आजीनं पावडर थापलीय. खाली सुरकुत्या बघ." दुसरी मालकानं आम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलेली. वग्दीनं इंजिनला हात लावला आणि म्हणाला, "काका, सकाळी थंडीत उठत नाही ना ही?" काका असा भडकला की विचारू नका. तिसरी बरी होती, पण चेनवाली. आपल्याकडच्या वाळूत चेन म्हणजे रोज उठून तिला आंघोळ घालायची. वग्दीला शाफ्टवाली पाहिजे होती, चेनच्या जागी बंद दांडा असतो ती.

मग माझी आई म्हणाली, "अरे, गावभर कशाला हिंडता? खाली जिन्याखाली हिल्मी कॅप्टनची उभी आहे की."

हिल्मी कॅप्टन तुम्हाला आठवत असेल. कालव्यात टगबोट चालवायचा. ऑगस्टातल्या उन्हाळ्यात यकृताच्या दुखण्यानं गेला. त्याची जुनी जपानी गाडी, साडेसहाशे सीसीची, शाफ्टवाली. जिवंत असताना कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी एकदा नुसता टेकलो होतो, तर कानाखाली अशी काढली की आजान दोनदा ऐकू आली.

त्याची बायको, पोराच्या नावानं आम्ही तिला नादिरची आई म्हणतो, खाली आली. गाडीवरची चादर तिनं ओढून काढली. "बघ, ही माझी रुखवताची चादर. मला कधी अंथरू दिली नाही. हिला पांघरली."

वग्दीनं टाकीत टॉर्च मारला. आत गंज नाही. तेलाची काडी काढली, तेल मधासारखं. आम्ही सोबत आणलेली बॅटरी लावली आणि बटण दाबलं. कॅप्टन आजारी पडल्यापासून चार महिने झोपलेली गाडी, एकदाच खोकली आणि उठली. वग्दीचं तोंड असं झालं की त्याच्या होणाऱ्या नवरीनं बघितलं असतं तर लग्न मोडलं असतं.

"काकू, मागची सीट तर कोरी करकरीत आहे," वग्दी म्हणाला.

"कोण बसणार मागं? वीस वर्षांत मला एकदा बसवलं नाही. म्हणायचा, मागं वजन आलं की तिचा तोल जातो. तेव्हा मी चवळीची शेंग होते रे!" तिनं गाडीच्या टायरला चप्पल मारली. हळूच नाही, चांगली. "सवत आहे ही माझी. शुक्रवारी सकाळी तो हिला न्हाऊ घालायचा आणि मी दारात उभी राहून बघायची. घेऊन जा. जो देशील तो भाव. ही गेली की निदान आता तरी तो माझ्या एकटीचा होईल."

आता मी का लपवू? माझा जळफळाट झाला. मी सतरा वर्षांचा, मला सायकल पण नाही, आणि हा मावशीचा गाढव त्या गाडीवर बसून आरशात केस विंचरतोय.

नवी गाडी म्हटल्यावर कोंबडा कापला. नजर लागू नये म्हणून रक्तात बुडवलेला आपल्या हाताचा पंजा गाडीवर उमटवायचा, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? वग्दीला टाकीवर डाग नको होता. साहेबाला पॉलिश प्यारी. म्हणून त्यानं सीट उचलली. सीटखाली पत्र्यावर आधीच एक पंजा होता. जुना, तपकिरी झालेला. कॅप्टनचा. वग्दीनं तो पुसला नाही. त्याच्यावरच आपला ओला पंजा ठेवला. आणि बोट न् बोट बरोबर बसलं.

आई वरून ओरडली, "अरे मूर्खा! आधी जुना धुवायचा, मग आपला लावायचा! मेलेल्याच्या हातात हात देतोयस?"

"मावशी, तो कॅप्टनचा पंजा आहे, कुण्या चोराचा नाही," वग्दी हसला. "राहू दे, दोघं मिळून राखण करतील."

पण खरं सांगू का, ते हसू फार दिवस टिकलं नाही. कारण तो गल्लीतून निघाला की पोरं ओरडायची, "कॅप्टनची गाडी आली रे!" पंक्चरवाला म्हणायचा, "कॅप्टनच्या गाडीत हवा भरू?" पोलीससुद्धा म्हणाला, "ही हिल्मीची ना?" वग्दी दात खायचा. म्हणायचा, "कागद माझ्या नावावर, पेट्रोल माझं, ढुंगण माझं, आणि गाडी त्याची?" मेलेल्या माणसावर जळत होता तो. असा जळका माणूस मी बघितला नाही, आणि मी स्वतः जळत होतो, म्हणजे बघा.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. त्याच्या बहिणीला, इन्साफला, रास घारिबला पोरगा झालेला. शुक्रवारी बाळाचा सातवा दिवस. बाळाला ठेवून हलवायची ती मोठी चाळणी, मेणबत्त्या, दाणे, सगळं मामानं न्यायचं. रात्री साडेआठला वग्दी निघाला. चाळणी मागच्या सीटवर बांधलेली. मी म्हणालो, "डिश अँटेना लावून चाललास, मॅच दिसते का बघ." त्यानं मला शिवी दिली आणि गेला.

सोखना गाव मागं पडलं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर, रस्ता मोकळा. गाडी अशी पळत होती की वग्दी गात होता. झाफरानाच्या अलीकडं एक चहावाला बसतो, पत्र्याच्या आडोशाला. वग्दीचा थांबायचा विचार नव्हता. गाडीच हळू झाली. मूठ पिळली तरी हळू. आणि बरोबर त्या पत्र्यापुढं जाऊन बंद पडली.

चहावाला म्हातारा. मान वर न करता म्हणाला, "कॅप्टन, आज उशीर?"

चहाचा ग्लास भरलेला होता.

वग्दीच्या डोक्यात तिडीक गेली. "कॅप्टन मेला, बाबा. ही माझी गाडी आहे. कळलं? माझी."

म्हाताऱ्यानं आता वर बघितलं. आधी वग्दीकडं. मग गाडीकडं. मग परत वग्दीकडं.

"मग हा चहा कुणी सांगितला?"

"मी नाही सांगितला."

"ते कळलं मला. तू गाडी स्टँडला लावत होतास. तेव्हाच... तुझ्या मागून कुणीतरी म्हणालं. पाच चमचे साखर."

वग्दीनं मागं बघितलं. चाळणी होती. बाकी कुणी नव्हतं.

त्यानं चहा घेतला नाही. गाडी एका बटणात सुरू झाली. निघाला. म्हातारा ग्लास हातात धरून उभा होता, तसाच. आरशात दिसेपर्यंत तसाच.

पुढं पवनचक्क्या लागतात. शेकडो. वर लाल दिवे. सगळे एकदम लागतात, सगळे एकदम विझतात. दिवे लागले की रस्ता दिसतो. विझले की फक्त हेडलाइट.

वग्दीनं मनातल्या मनात म्हटलं, माझी आहे. घाबरायचं काय? माझी.

इंजिन अडखळलं.

मोठ्यानं म्हणाला, "माझी!"

गाडी बंद.

हेडलाइट पण बंद. गाडी घरंगळत थांबली. वारा नाही. समुद्राचा आवाज नाही. वग्दीनं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

मग उजव्या मुठीवर... त्याच्या हातावर... हात आला.

गार नाही रे. तेच तर. गरम. जिवंत माणसाचा असतो तसा. मोठा. खरबरीत, दोर ओढणाऱ्याचा. वरून बसला. बोट न् बोट बरोबर.

लाल दिवे लागले. वग्दीनं खाली बघितलं. मुठीवर त्याचा स्वतःचाच हात. एकच. आणि तो दाबला जात होता. बोटं पांढरी पडलेली.

दिवे विझले.

कुणी काही बोललं नाही. पण वग्दी म्हणतो, मला कळलं. उतर म्हणत होता.

तो उतरला.

उतरल्याबरोबर गाडी सुरू झाली. आपोआप. उभी राहून गुरगुरत होती. वग्दीनं एक पाय टाकायला बघितलं... बंद. पाय मागं घेतला... सुरू.

"कॅप्टन," वग्दी म्हणाला. "भाच्याचं... सामान आहे फक्त..."

गाडी शांत झाली.

मग त्यानं हँडल धरलं आणि ढकलायला लागला. एवढी जड गाडी, एकट्या माणसाला रेटवत नाही. पण जाऊ लागली. हलकी. पलीकडच्या बाजूनं हँडल कुणीतरी धरलंय, तशी. वग्दीची पावलं वाजत होती. खर्र, खर्र. आणि त्यात अजून पावलं. पलीकडं.

त्यानं पलीकडं बघितलं नाही.

दिवे लागले तेव्हा नाही. विझले तेव्हा नाही. पहाटेपर्यंत नाही.

उजाडताना पेट्रोल पंप आला. पुढं जाणाऱ्या एका ड्रायव्हरकडं त्यानं बाळाची चाळणी दिली. इन्साफ अजून त्याच्याशी बोलत नाही, म्हणते मामानं चाळणी पार्सल पाठवली. स्वतः मासळीच्या पिकअपमध्ये गाडी टाकून सुएझला परत. आला तेव्हा अंगाला माशांचा वास. मी हसणार होतो. त्याचं तोंड बघून नाही हसलो. उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती त्याची.

त्यानं बॅटरी काढली, आमच्या घरी पलंगाखाली ठेवली. गाडी आम्ही दोघांनी ढकलत जिन्याखाली नेली. नादिरची आई दारातच होती.

"परत का आणलीस?"

वग्दीनं सांगितलं. चहा सांगितला, हात सांगितला. मला वाटलं, बाई किंचाळेल. नाहीतर कुराण वाचायला बसेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग जिन्याच्या पायरीवर बसली.

"तो झाफरानापर्यंत आला?"

"हो काकू."

"हिच्यासाठी?"

वग्दीनं मान डोलावली.

"तीन महिने मी त्याच्या उशाला बसले," ती म्हणाली. "त्याचं पोट फुगलं होतं, त्याला कूस बदलता येत नव्हती, मी बदलत होते. गेला. चार महिने झाले. रोज झोपताना म्हणते, हिल्मी, आज ये. स्वप्नात ये. एकदा आला नाही. एकदा नाही रे." तिनं गाडीकडं बघितलं. रडत नव्हती. डोळे असे होते की मी वग्दीच्या मागं सरकलो. "आणि या लोखंडासाठी उठून गेला."

वग्दी म्हणाला, "भंगारवाल्याला बोलावू?"

"नको." ती उठली. "तुम्ही जा. मला हिच्याशी बोलायचंय."

आम्ही वर गेलो. रात्री जेवताना खालून तिचा आवाज येत होता. भांडत होती. एकटीच. शिव्या अशा की आईनं रेडिओ लावला. मग आवाज बंद झाला. मग काहीच नाही... मी जागा होतो. अल्लाची शप्पथ, गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला नाही. बॅटरी माझ्याच पलंगाखाली होती, मी दोनदा हात लावून बघितला.

सकाळी नादिरची आई भाकरी घ्यायला निघाली नाही, म्हणून आई खाली गेली. मी मागं. दार उघडंच. ती पलंगावर बसून केसातला गुंता सोडवत होती. आईनं विचारलं, "बरं नाही का?"

"पाय दुखतोय जरा."

आईनं झगा थोडा वर केला. उजव्या पायाची पोटरी, आतल्या बाजूनं. बोटाएवढा लांब चटका. ताजा. फोड आलेला, कडा लाल. आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना तो चटका बसलेला आहे. गाडीवर मागं बसलं आणि पाय सायलेन्सरला लागला की बसतो, तो.

आई बघतच राहिली. मला म्हणाली, "सफवत, पळ, औषधवाल्याकडनं मलम आण."

"नको," नादिरची आई म्हणाली. झगा खाली ओढला. पन्नाशीची बाई, पण मान अशी खाली घातली की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. "मलम नको. डाग राहू दे."