ठिपका खोल पाण्यात, नाव खडकावर

वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर नावेचा निळा ठिपका खोल पाण्यात होता. नाव मात्र खडकावर आपटून फुटली होती.

दोन हजार सत्तावन्न सालची ती दुपार. बारा वर्षांची वेदवती आणि तिचे आजोबा शिडाची छोटी नाव घेऊन कातळवेळच्या खाडीत फिरायला निघाले होते. आजोबांनी उपग्रहांसाठी घड्याळं बनवण्यात चाळीस वर्षं घालवली होती. आता ते मोडलेला उजवा हात छातीशी धरून खडकावर बसले होते, कमरेपर्यंत पाण्यात. भरती चढत होती.

"आजोबा, यंत्र बिघडलंय का?"

"नाही गं. उपग्रहांतली घड्याळंही बरोबर आहेत." त्यांचा आवाज कोरडा होता. "उपग्रह वेळ पाठवतो. ती पोचायला किती क्षण लागले, त्यावरून यंत्र अंतर काढतं. असे चार उपग्रह मिळाले की आपली जागा कळते. पण संदेश येतो आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून. आज सूर्यावरच्या वादळाने तो थर खवळलाय, संदेश रेंगाळतायत. सेकंदाचा एक कोटीवा भाग उशीर झाला, तरी अंतर तीस मीटरने चुकतं."

"आणि इथली खोल वाट केवढी रुंद आहे?"

"चाळीस मीटर."

हातातल्या बिनतारी संचातून बचावकेंद्राचा आवाज आला, "नौका निघतेय. तिच्यावर माणूस नाही, ती उपग्रहांवरून वाट काढते."

आजोबांनी डोळे मिटले. "संपलं. तीही इथेच आपटणार."

वेदवतीला रडू फुटलं. रडतच तिने विचारलं, "उपग्रह नव्हते तेव्हा लोक कसे यायचे?"

"दीपगृह आणि टेकडीवरचं पांढरं देऊळ एका रेषेत दिसेल, असं यायचं. मला ठाऊक होतं, वेदा. तरी मी पडद्यावरून मान वर केली नाही."

तिने संच तोंडाशी धरला. "माणूस पाठवा! दीपगृह आणि देऊळ एका रेषेत ठेवून यायला सांगा!"

तासाभराने एक कोळीण ती रेष धरून स्वतः होडी हाकत आली. तेव्हा पाणी वेदवतीच्या गळ्याशी होतं. नाव तर केव्हाच बुडाली होती.

दवाखान्यात आजोबा चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण तसंच परत जाई. "उपग्रहांवर विश्वास ठेवा, एवढंच मी जन्मभर लोकांना सांगितलं," ते एकदाच म्हणाले. "तुला बुडवलं असतं मी."

पाचव्या दिवशी वेदवती वही घेऊन बसली. "यंत्र चुकतंय हे कसं ओळखायचं? आमच्या नौकाशाळेत कुणालाच येत नाही."

आजोबा हळूच तिच्याकडे वळले.

"लिही. पाण्याची खोली मोजायची. होकायंत्र बघायचं. किनारा बघायचा. पडद्याशी जुळलं नाही, तर शीड उतरवून थांबायचं."

"आणि किनाऱ्यावर काय बघायचं?"

आजोबांनी पेन्सिल मागितली. ती डाव्या हातात धरून ते वहीवर किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ ओढू लागले.