उणे चाळीसातला सांधा

नोव्हेंबर उजाडला तरी खाडीकाठी दुपारी घामाच्या धारा लागत होत्या. जहाज कारखान्याच्या चाचणीशाळेत मात्र सुनेत्रा खातू कानटोपी आणि हातमोजे घालून उभी होती. समोरच्या शीतकोठीत उणे चाळीस अंशांत कारखान्याचा वेल्डर दिगंबर मयेकर पोलादाच्या दोन पाट्या जोडत होता.

तेवढीच थंडी त्या वेळी 'ध्रुवसखा' जहाजावर होती. उत्तर ध्रुवाजवळचा सागरी मार्ग आता वर्षातले बरेच महिने खुला असे. तिथली जहाजं सुनेत्राच्या गटाने तयार केलेल्या 'शीतसह' पोलादाची असत. साधं पोलाद अशा थंडीत काचेसारखं फुटतं. शीतसह वाकतं, पण तसं फुटत नाही. म्हणूनच सकाळी बर्फाचा अणकुचीदार कडा आदळला, तेव्हा 'ध्रुवसखा'च्या बाजूला हातभर चीर पडली, पण ती पुढे पसरली नाही. कप्तानाने जहाज कलतं करून चीर पाण्याच्या वर आणली होती. पण संध्याकाळी वादळ येणार होतं, आणि त्याआधी चीर बुजवून जहाज सरळ करणं भाग होतं.

"मी सांधा मारायला तयार आहे, मॅडम," चाचणीशाळेतल्या व्हिडिओ पडद्यावरून जहाजाचा वेल्डर अल्ताफ परकार म्हणाला. "फक्त तो टिकेल का, ते सांगा."

मयेकरने सांध्यालगतचे बोटाएवढे तुकडे कापून त्यांना खाच पाडली. तुकडे पुन्हा गार करून सुनेत्राने एक तुकडा आघात-चाचणीच्या यंत्रात ठेवला. जड लंबक झोक्यासारखा खाली आला. कट्! तुकड्याची तुटलेली कड साखरेसारखी चकाकली. ती चकाकी ठिसूळपणाची होती.

"तुटला," ती म्हणाली.

"एका दणक्यात?"

"एका दणक्यात. अल्ताफभाई, असा सांधा मारू नका."

पडद्यावर अल्ताफच्या मागून कप्तानाचा आवाज आला. "मग माणसं बर्फावर उतरवू का? बावीस जण आहोत."

"थोडं थांबा," सुनेत्रा म्हणाली आणि मयेकरकडे वळली. "पाटी इतकी गार आहे की वितळलेलं पोलाद लगेच थिजतंय, त्यामुळे बाजूचा पट्टा ठिसूळ होतोय. आधी पाटी शेकून घ्या, मग एका जाड थराऐवजी पातळ थर द्या. वरच्या थराची ऊब खालच्याला नरम करील."

"त्यांच्याकडे शेकायला काय आहे?"

"तापपट्ट्या आहेत," अल्ताफ म्हणाला. "चटका बसेल एवढी तापते पाटी."

"मग तेवढीच तापवा, मयेकर. जास्त नको."

मयेकरने नव्या पाट्या तशा जोडून पुन्हा तुकडे कापले आणि गार केले. या वेळी लंबक तुकड्यावर आदळला आणि जेमतेम पुढे सरकला. तुकडा वाकून तसाच अडकून राहिला होता. फाटलेली कड राखाडी होती, जाड कापड टरकावल्यासारखी. दुसरा तुकडाही तसाच निघाला आणि तिसराही. मयेकरने पडद्याकडे पाहून अंगठा वर केला.

अल्ताफने सांधा मारला. प्रत्येक थरानंतर तो थांबे आणि सुनेत्रा "आता द्या" म्हणाली की पुढचा थर देई. काम संपल्यावर कप्तानाने जहाज सरळ केलं आणि थोड्याच वेळात वादळाने संपर्क तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा उजळला. अल्ताफच्या दाढीत बर्फ अडकलं होतं.

"कोरडं आहे, मॅडम. थेंबसुद्धा आत आला नाही. आता झोपू का?"

सुनेत्रा हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. मयेकरने अख्ख्या चाचणीशाळेला चहा सांगितला.

तेवढ्यात कारखान्याचे संचालक बर्वे आत आले, ते टाळ्या वाजवतच. "कमाल केलीत, सुनेत्राताई! भर समुद्रात दुरुस्ती होते, हे सिद्ध झालं. म्हणजे आता जानेवारीतही जहाजं पाठवायला हरकत नाही ना?"

जानेवारीत तिथं पारा उणे पंचावन्नाच्याही खाली जाई, आणि सांधा तपासला होता तो फक्त उणे चाळीसात. सुनेत्राने चहाचा कप खाली ठेवला.

पडदा अजून चालूच होता. हातमोजा काढता काढता अल्ताफ थांबला.

"मॅडम," त्याने विचारलं, "त्यांना काय सांगणार?"