पेनड्राइव्हमधली तीज

निलमने प्रमोदला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा प्रमोद सर्व्हरच्या टेबलाखाली वायरी उपसत होता. बाहेर श्रावणाची भुरभुर, आणि कळमनुरीच्या त्या हळद गोदामाच्या ऑफिसात सगळं काम ठप्प. एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात आपोआप पसरणारा व्हायरस शिरला होता. निलम सांभाळायची त्या मालाच्या नोंदींचा डेटाबेस उघडत नव्हता, म्हणून दुरुस्तीला प्रमोदला बोलावलं होतं.

तो बाहेर आला, केसांत जळमटं घेऊन. निलमने रुमाल पुढे केला, तर पठ्ठ्याने चष्मा पुसला. बावळटच आहे, असं तिला वाटलं... आणि आवडलाही.

दुपारभर तो तपासत राहिला, ती शेजारी बसून चहा मागवत राहिली. तो मूळचा हट्टा गावचा, नोकरीला नांदेडच्या कॉम्प्युटर कंपनीत. हसवायचा छान. मग एकाएकी त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"मॅडम, हे पेनड्राइव्हमधून आलंय. त्यात गाणी होती... तिजेची."

निलमचा चेहरा उतरला. तिच्या बंजारा तांड्यावर तीज सण होता, पोरी गव्हांकुरांच्या टोपल्यांभोवती नाचत होत्या आणि ही इथे ड्युटीवर. म्हणून तिने आखाडा बाळापूरच्या मोबाइलवाल्याकडून गाणी भरून आणली होती. पेनड्राइव्ह लावला थेट सर्व्हरला, कारण ऑफिसातल्या रोजच्या आरतीचा स्पीकर त्यालाच जोडलेला. आता नोकरी गेली तर घरचे लगेच स्थळं बघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाहेरून आला, एवढंच सांगतो मी," तो हळूच म्हणाला. "तुमचं नाव काहून घ्यायचं?"

"न्हाई सर. उद्या दुसऱ्या कुणावर आळ येईल."

त्याने वाचवायला पाहिलं याचं तिला बरं वाटलं, तरी ती उठून गोदामाचे मालक देविदासशेठ यांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून टाकलं. शेठ चांगलेच तडकले. मग त्यांनी प्रमोदला डेटाचं विचारलं. काल संध्याकाळपर्यंतचा सगळा सुखरूप आहे, मॅडम रोज वेगळ्या डिस्कवर कॉपी काढून ठेवतात, असं त्याने सांगितलं. शेठ स्पीकर तेवढा काढून टाकायला सांगून चहाला गेले. नोकरी राहिली.

संध्याकाळी त्याने बॅग भरली.

"पुन्हा तपासायला कधी येऊन राहिले?" तिने विचारलं.

"आता गरज न्हाई. सर्व्हर साफ झाला."

"बरं..."

तो दारात घुटमळला. "पण मला यायचंय. तुमच्यासाठी – चालंल?"

निलमला खूप आनंद झाला. तो लपवायला तिने उगीच कीबोर्ड पुसला.

"मग रविवारी या," ती म्हणाली. "ऑफिस बंद असतंय."