तिसरा ठोका

दुपारच्या सुट्टीत मुकादम अकराव्या मजल्यावर चढला, तो फक्त एका सहीसाठी. यंत्राने रचलेल्या भिंती बघायच्या आणि ‘काम पक्कं’ म्हणून कागदावर सही ठोकायची. सही झाली की त्याच्या आठ गवंड्यांना उद्यापासून नारळ. आठ जणांचं आठवड्याचं काम ते धूड एका दिवसात उरकत होतं, वर चहासुद्धा मागत नव्हतं.

“केसाचाही फरक नाही कुठे,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. “बघायचं काय त्यात?”

“वाजवल्याशिवाय सही नाही, बाई.”

ही खोड त्याच्या थोरल्या भावाची. तोही गवंडीच. करणीच्या, म्हणजे थापीच्या, मुठीने विटेवर तीन ठोके मारायचे. दोन वीट बसवायला, तिसरा ऐकायला. पोकळ वाजली की ओल्या सांध्यात अंगठा दाबायचा. म्हणजे ही पाडायची. त्याच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, त्यामुळे खूण लांबूनही ओळखू यायची. गेल्या वर्षी ‘उरका, उरका’च्या घाईत कठडा न लावताच त्याला कामाला जुंपलं, आणि तो याच इमारतीतल्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला.

मुकादम एकेक भिंत वाजवत निघाला. सगळ्या सरळ, खणखणीत. त्याला मनातून वाईटच वाटलं. खड्ड्यालगतच्या भिंतीवर त्याने दोन ठोके मारले.

तिसरा आतून आला.

खाली सगळे जेवायला बसले होते. यंत्राची वायर जमिनीवर सुटी पडली होती.

“पाइप असेल...” बाईंचा आवाज दबका झाला. “सही करा, चला.”

ओल्या सिमेंटच्या मालाचा वास आला. सहा दिवसांच्या भिंतीतला एक सांधा ओला होता. त्यात अंगठा उमटला होता, मधोमध चिरलेल्या नखाचा. मुकादमाचे डोळे भरले. पण पेन त्याने परत केलं.

“सही नाही करणार. भिंत पाडा. माझी माणसं पुन्हा बांधतील.”

“वर काय सांगू मी?”

“यंत्राला अंगठा नसतो, एवढंच सांगा.”

तेवढ्यात शेजारची भिंत वाजली. तीन ठोके. मग तिच्या पलीकडची. एकेक भिंत वाजवत कुणीतरी जिन्याकडे चाललं होतं.

बाईंनी कागद घट्ट धरला होता, क्षणभरही हातातून सोडला नव्हता. तरी ‘काम पक्कं’वर ओल्या मालाचा अंगठा उमटला होता.